दोन बॅन्जो

भाद्रपदात साताऱ्याच्या पेठांतून हिंडणाऱ्या मनुष्यास बॅन्जो म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. तो दृष्टीस पडण्यापूर्वीच कानास गाठतो. प्रथम फडताळातील कपबशा किणकिणू लागतात, मग ताशाचा तडतडाट जवळ येतो, आणि त्या साऱ्या कल्लोळाच्या डोक्यावर उभा राहून एक धारदार, किंचित रडवा, किंचित निर्लज्ज असा स्वर राजवाड्याकडून पोवई नाक्याच्या दिशेने चालू लागतो. हा स्वर बॅन्जोचा. टेम्पोच्या हौद्यात जनरेटर धडधडत असतो, वर चार कर्णे बांधलेले असतात, आणि त्यांच्याखाली वीस-बावीस वर्षांचा एखादा पोरगा, परीक्षेचा पेपर लिहावा तशा एकाग्रतेने मान खाली घालून, एका लांबट पेटीवरची बटणे डाव्या हाताने दाबीत व उजव्या हातातील नखीने तारा छेडीत बसलेला असतो. त्याच्या बाजूस कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि ढोलकी. खाली रस्त्यावर ताशे, हलगी, खुळखुळे. अशा सात-आठ जणांच्या मेळ्यास आमच्याकडे ‘बॅन्जो पार्टी’ म्हणतात. तिला वर्ज्य असे काही नाही. कोळीगीत, भारूड, लावणी, देवीची आरती, कालपरवाच्या चित्रपटातील गाणे, आणि ह्या सर्वांचे एकमेकांत घुसलेले तुकडे ती सारख्याच उत्साहाने वाजवते.

सुशिक्षित घरांतून ह्या स्वराचे स्वागत खिडकी लावून घेऊन करण्यात येते. आमच्या घरची खिडकी उघडी राहते. ह्याचे श्रेय कोणी माझ्या रसिकतेस देऊ नये, कारण तिची कडी तुटली आहे. परंतु एखादी गोष्ट वर्षानुवर्षे कानांवर पडली म्हणजे तीतले बरेवाईटही हळूहळू कळू लागते. आमच्या पेठेतला मुलगा दोन ओळींच्या मधली जागा कधी रिकामी जाऊ देत नाही. तेथे तो तीन-चार स्वरांची एक गिरकी घेतो, आणि ती दर खेपेस निराळी असते. शेजारच्या पेठेतल्या वादकाची गिरकी ठराविक आहे. हा भेद मला कळतो असे मी एकदा घरात बोलून गेलो, तेव्हा आमच्या मंडळींनी माझ्याकडे काळजीच्या दृष्टीने पाहिले.

माझी थोरली बहीण मिरजेस असते. तिचा मुलगा गेली वीस वर्षे अमेरिकेत, कॅन्सस ह्या सपाट आणि गव्हाच्या प्रांतात नोकरीस आहे. गेल्या वर्षी श्रावणात तो आला आणि दोन दिवस आमच्याकडे साताऱ्यास राहिला. संध्याकाळची वेळ होती. मागच्या गल्लीत गणपतीची तालीम चालली होती. तो थोडा वेळ ऐकत बसला आणि म्हणाला, “मामा, आमच्या तिकडेही एक बॅन्जो आहे. ऐका.” त्याने खिशातून मोबाइल काढला आणि टेबलावर एक मुठीएवढा स्पीकर ठेवला. त्यातून जे बाहेर पडले ते ऐकून प्रथम मला वाटले की यंत्राचा वेग चुकून दुप्पट झाला आहे. तारांचा असा पाऊस मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. गाणाऱ्याचा आवाज चांगला म्हणावा असा नव्हता. परंतु त्यात एक कळकळ होती, आणि कळकळीपेक्षा थोडा अधिक राग होता.

भाच्याने मग जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो. ह्या मंडळीचे नाव ‘स्प्लिट लिप रेफील्ड’. कॅन्ससमधील विचिटा गावच्या तरुणांनी १९९० नंतरच्या दशकात हा मेळा काढला. वाद्ये चार: गिटार, मॅन्डोलिन, बॅन्जो आणि खर्जासाठी एक अजब वस्तू. एका जुन्या मोटारीची पेट्रोलची टाकी घेऊन तिला दांडा बसवलेला, आणि त्यावर एकच तार; तीही तार नव्हे, गवत कापण्याच्या यंत्रात जी जाड नायलॉनची दोरी असते ती. हे लोक ज्या पद्धतीचे संगीत वाजवतात तिला ‘ब्लूग्रास’, म्हणजे निळे गवत, असे नाव आहे. निळ्या गवताच्या संगीतास गवत कापायची दोरी लावण्यात त्यांचा विनोद होता की काटकसर, हे भाच्यास सांगता येईना. मात्र ह्या चौघांनी त्या जुन्या, खेड्यातल्या, आगगाडीच्या आणि मेलेल्या प्रेयसींच्या गाण्यांच्या संगीतात रॉकचा धसमुसळेपणा आणि पंकचा संताप ओतला. पंक म्हणजे १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क व लंडन येथील तरुणांनी उठवलेले वादळ. त्यांचे म्हणणे असे की तीन स्वरमेळ वाजवता आले आणि पोटात काही खदखदत असले म्हणजे संगीतास तेवढे पुरे. शिक्षण, ऐपत आणि रूप ह्यांवाचून अडत नाही. ह्या मेळ्यातला गिटारवादक कर्क रुंडस्ट्रॉम ह्यास कर्करोग झाला. तरीही शेवटच्या महिन्यांपर्यंत तो गावोगाव वाजवीत हिंडला आणि २००७ साली वारला. हे सांगताना भाच्याचा आवाज जरा उतरला. त्या परक्या गावी पहिल्या हिवाळ्यात त्याला ह्याच मंडळीच्या गाण्यांनी सोबत केली होती.

मला वाटले, ह्या पोरांनी आपल्या बापजाद्यांच्या संगीताची भलतीच विटंबना केली, अशी ओरड तिकडे झाली असेल. तशी थोडीफार झालीही. पण त्या बापजाद्यांची हकीकत काढून पाहावी तर ती अधिक मौजेची आहे. बिल मन्रो हा केंटकी प्रांतातला मॅन्डोलिनवादक, १९११ सालचा जन्म. केंटकीस तिथल्या गवतावरून ब्लूग्रासचा मुलूख म्हणतात. मन्रोने आपल्या मेळ्याचे नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’ ठेवले आणि पुढे त्या मेळ्यावरून साऱ्या पद्धतीसच ते नाव पडले. आपल्याकडे एखाद्या मंडळावरून रागाचे नाव पडावे असाच हा प्रकार. मन्रो शिकला तो पेन व्हँडिव्हर ह्या आपल्या मामाजवळ आणि अर्नोल्ड शुल्ट्झ नावाच्या एका कृष्णवर्णीय वादकाजवळ. म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेली फिडलची चाल एका बाजूने आणि आफ्रिकेहून धरून आणलेल्या गुलामांच्या वंशजांचे ब्लूज दुसऱ्या बाजूने, असा दुहेरी पीळ त्या दोरीस आरंभापासूनच होता.

बॅन्जोची गोष्ट तर ह्याहूनही पुढची. हे वाद्य मूळचे आफ्रिकेतील. भोपळ्यावर कातडे ताणावे, त्यास दांडा व तारा लावाव्या, हे कसब गुलाम आपल्या हातांतून घेऊन आले. बरोबर आणण्यास दुसरे काही त्यांना मिळालेच नव्हते. हे वाद्य त्यांनी आफ्रिकेहून आणले असे थॉमस जेफर्सनने अठराव्या शतकातच लिहून ठेवले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नटांनी तोंडास काजळ फासून काळ्या लोकांची टवाळी करणारे खेळ काढले, आणि त्या खेळांतून बॅन्जो गोऱ्यांच्या हाती गेला. मन्रोच्या काळापर्यंत तो विदूषकाच्या हातचे खेळणे होऊन बसला होता. मग १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा मुलगा मन्रोच्या मेळ्यात आला. तो अंगठा आणि दोन बोटे ह्यांनी बॅन्जो असा काही वाजवी की नॅशव्हिलच्या नाट्यगृहातील श्रोते उठून उभे राहू लागले. ज्यास आज ‘अस्सल, परंपरागत ब्लूग्रास’ म्हणून नमस्कार करतात ते त्या हिवाळ्यात जन्मास आले. हिशेब केला तर ही प्राचीन परंपरा माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची भरते.

आणि आणखी एक प्रसंग. मन्रोने ‘ब्ल्यू मून ऑफ केंटकी’ हे आपले गाणे तीन मात्रांच्या संथ झुल्यावर बसवले होते. १९५४ च्या जुलैत मेम्फिस येथे एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने ते उचलले आणि चार मात्रांच्या धावत्या ठेक्यावर म्हणून आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस घातले. मन्रो मोठा करारी आणि मानी मनुष्य. तो ह्यावर काय करील? त्याने त्याच वर्षी आपले गाणे पुन्हा मुद्रित केले. आरंभ आपल्या जुन्या संथ लयीत केला, आणि मध्येच लय बदलून पुढचे सारे त्या पोराच्या चालीवर धावत म्हटले. बेचाळीस वर्षांच्या उस्तादाने एकोणीस वर्षांच्या पोराचा ठेका घ्यावा आणि तरीही आपली पहिली ओळ आपल्याच लयीत म्हणावी, ह्यात जी ऐट आहे तिची आठवण मला अजून अधूनमधून येते. (वयाचा आकडा मी मुद्दाम पुन्हा पडताळला. त्याचा त्रेचाळिसावा वाढदिवस तेव्हा झाला नव्हता, बेचाळीसच पुरे.)

आता आमचा बॅन्जो. नाव सोडले तर त्या अमेरिकन वाद्याशी ह्याचे काही नाते नाही. हा जपानचा. १९१२ साली, तैशो बादशहाची कारकीर्द सुरू झाली त्या वर्षी, नागोया शहरातील गोरो मोरिता नावाच्या वादकाने टंकलेखन-यंत्राची बटणे पाहून ती तंतुवाद्यास जोडण्याची युक्ती काढली. बटण दाबले की खालची पट्टी तारेवर बसते आणि स्वर निश्चित होतो. बोट कोठे ठेवावे ह्याची विवंचना नाही, वर्षानुवर्षांची साधना नाही. गरिबाच्या मुलास आठ दिवसांत एखादी चाल काढता यावी अशी सोय. ‘तैशोगोतो’ हे त्याचे तिकडचे नाव. हिंदुस्थानात ते ‘बुलबुल तरंग’ झाले, बलुचिस्तानात ‘बेंजू’, आणि आमच्याकडे बॅन्जो. आमच्या कारागिरांनी त्यास विजेची जोड दिली, तारा वाढवल्या, आणि जपानी घरातील ते लाजाळू वाद्य मिरवणुकीच्या अग्रभागी नेऊन बसवले. २०१६ साली रवि जाधव ह्यांनी ‘बॅन्जो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला. त्यात एक अमेरिकेची तरुणी असाच एक वादक शोधीत मुंबईस येते आणि रितेश देशमुख तो वादक होतो. चित्रपटाविषयी मला विशेष सांगावयाचे नाही; परंतु त्यानंतर आमच्या मागच्या गल्लीतील पोरे काही दिवस केस वाढवून हिंडत होती.

तर त्या श्रावणातल्या संध्याकाळी भाच्याने आग्रहच धरला की ती पोरे आणि ही गाणी ह्यांची गाठ घालून द्यावी. मी निरोप पाठवला. तालीम संपवून तिघे आले: बॅन्जोवाला, एक ताशेवाला, आणि जो सारे काही वाजवतो पण ज्याच्या नावावर एकही वाद्य नाही असा एक. मी अनेक वर्षे शाळेत शिकवीत होतो आणि बॅन्जोवाल्याच्या वडिलांस मी भूमितीत नापास होताना पाहिले आहे. त्यामुळे तिघेही दारातच चपला काढून अवघडून उभे राहिले. आमच्या मंडळींनी चहा आणला. मग गाणे सुरू झाले.

पहिले गाणे संपेपर्यंत कोणी बोलले नाही. ताशेवाला मांडीवर बोटे वाजवीत होता आणि त्याचा चेहरा उत्तरोत्तर अस्वस्थ होत चालला होता. शेवटी तो म्हणाला, “सर, ह्यांच्यात ताशा न्हाई का वो?”

भाचा हसला आणि मग गंभीर झाला. कारण प्रश्न नेमका होता. ब्लूग्रासच्या मेळ्यात चर्मवाद्य नसते. ठेक्याचे काम मॅन्डोलिन करते. तिच्या तारांवर हात दाबून असा कोरडा फटका मारतात की तो थापेसारखा वाजतो. स्प्लिट लिप रेफील्डच्या मेळ्यातही ढोल नाही. तो सारा दणका त्या चार तंतुवाद्यांनीच उभा केलेला. हे कळल्यावर तिघांनी तेच गाणे पुन्हा लावावयास सांगितले, आणि ह्या खेपेस ते निराळ्या कानांनी ऐकले. बॅन्जोवाल्यास पाचव्या तारेचे फार कौतुक वाटले. अमेरिकन बॅन्जोची पाचवी तार आखूड असते आणि अंगठा तिला एकाच स्वरावर सतत छेडीत राहतो. “आपल्या सा सारखंच की,” तो म्हणाला. कारण त्याच्याही पेटीवर बटणांच्या बाहेर राहणाऱ्या, एकाच सुरात बोलणाऱ्या तारा आहेत. आणि पेट्रोलच्या टाकीचे चित्र भाच्याने मोबाइलवर दाखवले तेव्हा ज्याच्या नावावर वाद्य नाही तो तिसरा मुलगा, जो तोवर एक शब्दही बोलला नव्हता, एकदम म्हणाला, “हे तर तुणतुणं हाय!”

खरोखरच, ते तुणतुणे होते. एका बाजूस कातड्याने मढवलेले पोकळ लाकूड, त्यास बांधलेला दांडा, आणि एक तार. गोंधळी आणि शाहीर ह्यांच्या मागे उभा राहून जो बिचारा रात्रभर एकच स्वर वाजवीत असतो आणि ज्याच्यावरून रटाळ बोलणाऱ्यास ‘तेच ते तुणतुणे’ म्हणून हिणवतात, ते. कॅन्ससच्या पोरांना ते मोटारीच्या टाकीत सापडले होते.

दुसऱ्या दिवशी मी भाच्यास पोचवण्यास मिरजेस निघालो. बॅन्जोवाला आमच्याबरोबर आला. त्याच्या पेटीच्या तारा सैल पडत होत्या आणि मिरजेस त्याचे कोणी ओळखीचे दुरुस्त करून देणार होते. वाटेत सांगलीस गावभागात माझे एक स्नेही राहतात, त्यांच्याकडे क्षणभर थांबलो. हे गृहस्थ संगीताच्या बाबतीत फार सोवळे. भाच्याने उत्साहाने त्यांनाही ते गाणे ऐकवले. त्यांनी ते अर्धे ऐकले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “अहो, हा नुसता गोंधळ आहे!”

मी म्हटले, गोंधळच आहे. संबळ एकाचा, तुणतुणे दुसऱ्याचे, झांज तिसऱ्याची, दिवटी चौथ्याची; देवीची स्तुती, राजाचा पोवाडा, मध्येच एखादी थट्टा; हे सारे एका अंगणात एका रात्रीत. ज्या सांगलीत बसून आपण हे म्हणता तेथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभे केले, ते चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिलेल्या कर्नाटकी भागवत मंडळीच्या खेळावरून सुचलेले होते. आणि आपल्या त्या दिवाणखान्यात जी पेटी ठेवली आहे ती हार्मोनियम मूळची फिरंगी. आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढले, ते १९७१ पर्यंत तिला आत येऊ दिले नाही. आज तिच्यावाचून एक भजन होत नाही.

स्नेही शांतपणे ऐकत होते. त्यांनी विचारले, “आणि अब्दुल करीम खाँ?” मिरजेच्या वाटेवर हे नाव निघाले नाही असे होत नाही. मी म्हटले, त्यांनीही दक्षिणेकडची सरगम घेतलीच होती. त्यागराजाची रचना त्यांनी ध्वनिमुद्रित केली आहे. तेव्हा ते म्हणाले, “घेतली. पण आधी स्वतःचे घर त्यांना पुरते ठाऊक होते. जे घेतले ते शिकून घेतले. तुमची ही पोरे कोणापाशी शिकतात?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. बॅन्जोवाला ओसरीवर बसून आपली पेटी कापडात गुंडाळीत होता. त्याने तो ऐकला असावा. मुंबईत ‘अभंग रीपोस्ट’ नावाची तरुणांची मंडळी आहे. ती संतांचे अभंग गिटार आणि ड्रम ह्यांच्या साथीने म्हणते, आणि ती ऐकताना मला नेहमी वाटते की ह्यांच्यापैकी कोणीतरी लहानपणी भजनास बसलेले आहे. स्नेह्यांच्या म्हणण्यातले तथ्य मी नाकारीत नाही. मिश्रण करावयाचे तर दोन्ही वस्तू आधी हातात असाव्या लागतात. मात्र शिकणे हे गुरूच्या बैठकीतच होते असे धरून चालले तर स्क्रग्जही अशिक्षितच ठरतो. आमचा बॅन्जोवाला आपल्या चुलत्याजवळ शिकला. चुलता लग्नाच्या बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवी आणि पुतण्याचा एक स्वर चुकला की त्याच क्लॅरिनेटने त्याच्या डोक्यात हाणी.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जे घडले ते मात्र मी त्या स्नेह्यांना पत्राने कळवले. ही गल्ली म्हणजे एक नवल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांचा धंदा बसला, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांनी तलवारी घासणारे हात सतारीकडे वळवले. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या तेथे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात आणि तंबोरे होऊन बाहेर पडतात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आम्ही गेलो त्या दुकानात एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी लावीत बसले होते. घोडीचा पृष्ठभाग कानशीने घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. मग तारेखाली सुताचा एक दोरा सरकवायचा आणि तो केसभर पुढे-मागे करीत राहावयाचे. एका विशिष्ट ठिकाणी दोरा आला की तार नुसती वाजत नाही, ती गुंजू लागते. त्या दोऱ्यास ‘जीव’ म्हणतात. बॅन्जोवाला पाऊण तास उभ्याने पाहत होता. मग भीत भीत त्याने विचारले, “चाचा, माझ्या पेटीच्या सा ला असं करता येईल?”

कारागिरांनी त्या पेटीकडे पाहिले. तिच्यावर वाघाचे चित्र आणि दोन लाल दिवे होते. ते हसले, पण त्यांनी ती मांडीवर घेतली. घोडी पत्र्याची होती, ती काढून हाडाच्या तुकड्याची बसवली, कानशीने घासली, दोरा घातला. त्या भडक पेटीतून तंबोऱ्याची पुसट का होईना पण सावली बाहेर पडली तेव्हा दुकानातले दोघे-तिघे हातातले काम टाकून पाहू लागले. पैसे त्यांनी फक्त हाडाच्या तुकड्याचे घेतले.

इतके सारे झाले तरी भाद्रपद जवळ आला तसा खरा प्रश्न पुढे उभा राहिला. आमच्या पेठेच्या मंडळाचा मी सल्लागार आहे. म्हणजे माझे नाव अहवालात छापतात. त्या वर्षीच्या सभेत तरुणांनी ठराव आणला की मिरवणुकीस बॅन्जो नको, डीजे आणावा. डीजे म्हणजे ध्वनिवर्धकांची भिंत. एका ट्रकवर माणसाच्या दुप्पट उंचीचे खोके रचलेले असतात आणि त्यांच्यामागे एकच गृहस्थ संगणकापुढे बसलेला असतो. त्याला बिदागी बॅन्जो पार्टीच्या कितीतरी पट, पण, अध्यक्ष म्हणाले, “सर, डीजेला पोरं जमतात.” ते खरे होते. बॅन्जोवाला सभेच्या मागच्या रांगेत होता. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. मला नंतर कळले की पेटी विकून आणि कर्ज काढून एका डीजेत भागी घ्यावी असे त्याच्या मनात घोळत होते. एकट्याचे त्यात भलेही झाले असते. परंतु आठ जणांपैकी उरलेल्या सातांस त्या ट्रकवर काही काम नाही. ताशेवाल्याने संगणकापुढे उभे राहून काय करावे?

मी बोलण्यास उठलो. बॅन्जो पार्टी ही काही कोकिळा नव्हे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या नियमांतील मर्यादा तिने पाळलेली माझ्या ऐकिवात नाही, आणि रात्री दहानंतर कर्णा बंद हा नियमही तिला पोलीस आल्यावरच आठवतो. पण दोहोंत एक अंतर आहे. वाजवणाऱ्याचा हात दुखतो. वीस मिनिटे ताशा वाजवल्यावर मनुष्य पाणी मागतो, तेवढ्या वेळात पेठेतल्या आजाऱ्यास आणि तान्ह्या मुलास डोळा लागतो. भिंतीचा हात दुखत नाही. दुसरे असे की, मिरवणूक देवळासमोर आली, कोणा म्हाताऱ्याने ‘अरे, जुनी ती आरती वाजव’ म्हणून हात वर केला, तर पोरगा मान वर करून पाहतो आणि वाजवतो. त्या संगणकवाल्यास आवाज देऊन तो ऐकू जात नाही. मी ह्याहून अधिक काही बोललो नाही. सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली आणि शेवटी तडजोड निघाली: आगमनास बॅन्जो, विसर्जनास डीजे. बॅन्जो पार्टीची बिदागी निम्मी करण्यात आली. मी त्याविरुद्ध मत दिले. माझ्याबाजूने आणखी तिघांचे हात वर झाले.

आगमनाच्या दिवशी दुपारी पाऊस पडून गेला होता. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हा मी खिडकीत होतो. ताशे थांबले, सगळे थांबले, आणि बॅन्जोवाल्याने ती गुंजणारी तार एकटीच छेडली. त्या गुंजनात एक खोल, ठणठणीत, एकच एक स्वर मिसळू लागला. नाव नसलेल्या त्या तिसऱ्या मुलाने एका वृद्ध गोंधळ्याकडून जुने तुणतुणे आणले होते, त्यास आतून ध्वनिग्राहक चिकटवला होता, आणि तो टेम्पोच्या कडेवर पाय सोडून ते वाजवीत होता. मग बॅन्जोने अंबाबाईच्या गोंधळाची चाल संथ उचलली. एक फेर झाला, दोन झाले. आणि ताशेवाल्याने काठ्या वर करून जी झड घातली तिच्यासरशी तीच चाल दुप्पट वेगाने, कॅन्ससच्या त्या टाकीवाल्यांच्या घाईने आणि रागाने, राजवाड्याच्या दिशेने सुटली. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. आमच्या मंडळी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि मिरवणूक वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभ्या राहिल्या.

पेटी अजून विकलेली नाही. ह्या वर्षी पार्टीस आतापर्यंत पाच सुपाऱ्या आल्या आहेत. दोन साताऱ्यातल्या, दोन कऱ्हाडच्या, आणि एक मिरजेची, जिच्यात तुणतुणेवाला आलाच पाहिजे अशी अट घातली आहे. भाच्यास मी ते वादन मुद्रित करून पाठवले होते. त्याने ते विचिटात कोणाकोणास ऐकवले आणि उलट विचारले की मधला तो तडतडणारा प्रकार कोणत्या वाद्याचा. तो ताशेवाला मात्र जूनमध्ये पुण्यास एका कारखान्यात नोकरीस लागला. त्याला गणपतीत रजा मिळेल असे दिसत नाही. त्याच्या जागी अजून कोणी मिळालेले नाही, आणि गणपती तीन आठवड्यांवर आले आहेत.